लगेच या

थोडक्यात बोलावं तर मीच! आख्ख्या पाड्यात माझा हात धरणारं कोणी नाय. शाळापण मी त्यापायीच सोडली. मास्तर बोलले, गायीवर दहा ओळी लिही. मी लिवलं, 'दूध देते.' त्यांनी वही भिरकावली, मी दप्तर भिरकावलं. संपलं.

तसं आमच्यात बोलणंच आखूड. 'जेवलीस?' विचारलं, की तब्येत, घरदार, भांडणतंटा, सगळं विचारून झालं. दिवाळीनंतर आई, बा जैतू, दोघं भाऊ नि निम्मा पाडा वाशिंदकडं वीटभट्टीवर निघाला, तेव्हा आई दारात नुसती 'येते' बोलली. येते म्हणजे येते. कधी, ते त्यात नसतं.

मागं राहिले मी, चार शेळ्या आणि आजी धोंडीबाई. आजीला ऐकू कमी येतं, म्हणून मी शेळ्यांशी बोलायचे. त्यापण मधेच उठून जायच्या. शिमगा जवळ आला तेव्हा दिवस दिवस माझ्या तोंडून 'हुर्र'शिवाय शब्द निघत नव्हता. ठरवलं, आईला बोलवायची. एकच दिवस.

धसईच्या बाजारात रोशनचा फोनचा बूथ. भट्टीजवळ सुरेंद्रशेठचं किराणा दुकान, तिथं फोन. शेठ निरोप पोचवायचा. रोशन बोलला, मीटर पळतो, पटकन सांग. मला सांगतो! मी फोन कानाला लावला.

"जैतूची भिमी बोलते. लगेच या."

ठेवला. रोशन बघतच राहिला. मला वाटलं, कौतुकानं. त्यानं पैसेपण घेतले नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीला पेज वाढत होते, तर फाट्याकडनं रडणं ऐकू आलं. पुढं आई, मागं बा, भाऊ, आत्या, भट्टीवरची पंधराएक माणसं, आणि सगळ्यात मागं महिपतमामा, खांद्यावर दोन हिरवे बांबू. आत्यानं उंबऱ्यातच अंग टाकलं. आजीनं ते बघितलं, पेज बाजूला सारली, आत्याच्या गळ्यात पडली नि तिच्याहून मोठ्यानं रडायला लागली. जरा दम लागल्यावर हळूच विचारते, "कोण गेलं गो?"

आत्याचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं.

मग बा माझ्याकडं वळला. तेव्हा मला कळलं. मरणाचा निरोप कोणी उघड सांगत नाय. 'लगेच या' बोलायचं, फोन ठेवायचा. समोरचा काय ते समजतो. सुरेंद्रशेठ दुकान उघडं टाकून भट्टीवर धावला होता. कधी पाणी प्यायला न सोडणाऱ्या मुकादमानं दिवसाची सुट्टी दिली होती.

"मग बोलवलंस कशाला?" बा बोलला.

एवढी माणसं बघत होती. काय सांगू?

"असंच."

त्यानं हात उचलला, आईनं धरला. मामा विचारत होता, बांबूंचं काय करू. आजी बोलली, "ठेव तिकडं. लागतील."

आईनं मला पुढ्यात बसवलं. माझ्या केसांना तेल लावलं, घट्ट वेणी घातली. संध्याकाळच्या एसटीला सगळे परत. चढताना बोलली, "पुढच्या वेळेला नीट सगळं सांग. लांबण लाव. म्हणजे जिवाला घोर नाय."

पुढच्या बाजाराला गेले नि लावलं लांबण. शेळी व्याली, दोन पिल्लं, एकाचा कान पांढरा. आजीचा गुडघा सुजला. कूड सारवला. मागं रांगेतली माणसं शिव्या घालायला लागली, तरी मी बोलत होते. शेवटी तेपण बोलून टाकलं, जे आजवर कोणाला बोलले नव्हते. मला इथं करमत नाय, आईला सांगा.

आठ दिवसांनी परत फोन केला. आईला सांगितलं का, विचारलं. शेठ बोलला, "सगळं कुठं ध्यानात राहतं पोरी? पण सांगितलं, भिमी लय वेळ बोलत होती."

"मग?"

"हसली. बोलली, मग बरी हाय."