हिरवं बटण

"उद्यापासून या इमारतीत कागदाचा कपटासुद्धा दिसता कामा नये!" विद्यापीठाच्या कुलसचिवांनी जाहीर करून टाकलं. "सगळ्या फायली संगणकावर. आणि सुरुवात मी करणार!"

साहेबांची बोटं कळफलकावर कोंबडीनं दाणे टिपावेत तशी चालत, पण हौस दांडगी. शिवाय गुरुवारी अकराला कुलगुरू स्वतः नवी पद्धत बघायला येणार होते, आणि साहेबांची मुदतवाढ त्यांच्याच सहीवाचून अडली होती.

मंगळवारी साहेबांनी जेवणाआधीच त्रेचाळीस फायली हातावेगळ्या केल्या. त्यांची रीत सोपी होती. नकार दिला की भांडण, होकार दिला की जबाबदारी. म्हणून एकवीस वर्षं ते प्रत्येक फायलीवर 'चर्चा करावी' एवढंच लिहीत. नव्या पडद्यावर तर या शब्दांचं चक्क हिरवं बटण होतं! साहेब हरखले. त्रेचाळीस वेळा दाबलं.

यंत्र बिचारं नवखं. साहेब चर्चा करा म्हणतात म्हणजे करायची, असं त्याला वाटलं. कुलगुरूंची भेट साहेबांनी सवयीनं कागदी डायरीतच लिहिली होती, त्यामुळे संगणकातल्या वेळापत्रकात गुरुवारी अकराची वेळ रिकामी दिसली. त्यानं त्रेचाळीसही चर्चा तिथेच बसवल्या आणि झाडून सगळ्यांना निरोप धाडले.

गुरुवारी शिपाई धापा टाकत आत आला. "साहेब, माणसं जिन्यापर्यंत पोचली!"

"मोर्चा आहे का?"

"नाही साहेब, तुम्हीच बोलावलंय! वनस्पतिशास्त्राचे सर तर मोडका नळ घेऊनच आलेत."

"आणि कुलगुरू?"

"ते पण रांगेत आहेत. मध्ये घुसायला लागले, तर सरांबरोबरचा प्लंबर म्हणाला, आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत? मागे व्हा!"

साहेब ताडकन खुर्चीतून उठले. कुलगुरूंना आत आणायचं तर रांग सरकायला हवी, आणि रांग सरकायची तर निर्णय द्यायला हवेत!

"नळ? मंजूर! वसतिगृहाचा पंप? मंजूर! प्रयोगशाळेचा पंखा? अहो, विचारता काय, मंजूर!"

चाळीस मिनिटांनी कुलगुरू आत आले ते हात पुढे करूनच. "कमाल केलीत! संगणकानं एवढी गती येते?" मुदतवाढीवर तिथल्या तिथे सही झाली.

सगळ्यांत शेवटी ग्रंथपालबाई उरल्या. तीन वर्षांपासून त्या वरच्या फळ्यांसाठी एक शिडी मागत होत्या.

"शिडी मंजूर!" साहेब राजासारखे म्हणाले.

"आभारी आहे सर. पण वाट बघून मी टेबलावर स्टूल ठेवून सगळी पुस्तकं खाली काढली. आता ती वर ठेवायला माणूस हवा."

साहेबांचा चेहरा पडला. "मग... तसा अर्ज करा."

"संगणकावर करू ना?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. कुलगुरू नुकतेच बाहेर पडले होते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "नको बाई, कागदावरच करा!"