बॅनरवरची बाई

मी आधीच सांगून ठेवते, माझा फोटो चांगला येतो. हे मला कोणी सांगितलेलं नाही. आमच्याकडे बाईला असलं काही सांगायची पद्धत नाही. आधार कार्डावरचा माझा फोटो पाहिला तर पोलीस मला आधी पकडतील आणि गुन्हा नंतर शोधतील. पण तो दोष यंत्राचा. म्हणून सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि मी अर्ज भरला, तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. बॅनरवर फोटो माझा. एकटीचा. आणि तोही चांगला फोटोग्राफर बोलावून काढलेला.

यात काय मोठं, असं वाटत असेल तर तुम्ही आमच्या चोपडा तालुक्यातले बॅनर पाहिलेले नाहीत. इथे बाई निवडणुकीला उभी राहते म्हणजे तिचा नवरा हात जोडून उभा राहतो. बॅनरच्या मधोमध तो, गॉगल लावून. एका कोपऱ्यात उमेदवार, पोस्टाच्या तिकिटाएवढी, पदरात गुंडाळलेली, जशी काही थंडी वाजतेय. मागच्या सरपंचबाई पाच वर्षं पदावर होत्या. ग्रामसभेला त्यांचे यजमान यायचे आणि झेंड्याची दोरीसुद्धा यजमानच ओढायचे. बाईंचं नाव काय होतं, असं विचारलं तर अर्धं गाव आजही डोकं खाजवतं.

मला ते नको होतं. मत द्यायचं तर माझं तोंड बघून द्या, नाहीतर देऊ नका.

समोर उभ्या होत्या कुंदाबाई, म्हणजे खरं तर त्यांचे यजमान झुलालभाऊ. गावनात्याने ते माझे थोरले दीर लागतात. त्यांचा बॅनर चौकात आधीच लागला होता. त्यात झुलालभाऊ हत्तीएवढे आणि कुंदाबाई शेंगदाण्याएवढ्या.

घरात विषय काढला तेव्हा माझे यजमान, प्रेमराज, जेवत होते.

"मग मी कुठे उभा राहू?" त्यांनी विचारलं.

"कॅमेऱ्याच्या मागे."

"लोक काय म्हणतील? नवरा सोडून गेला की काय?"

"मग खाली लिहू, नवरा घरीच आहे."

प्रेमराज माणूस गरीब. त्यांनी आणखी एक भाकरी घेतली आणि विषय संपला.

फोटोग्राफर ठरला समाधान. मूळचा धुळ्याचा, दुकान चोपड्यात, आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. फोनवर म्हणाला, "ताई, तीन साड्या, तीन लोकेशन. तुम्ही फक्त ठरवून ठेवा."

फक्त म्हणे. त्या 'फक्त'ने आमच्या घराची दोन दिवस झोप उडवली.

साड्यांचं कपाट उघडलं आणि कळलं की आपल्या देशात बाईला नेसायला रंगच उरलेला नाही. भगवी काढली तर प्रेमराज म्हणाले, "त्यांच्या पक्षात गेलो असं वाटेल." हिरवी काढली. "मग हे रुसतील." निळी काढली. "मग ते रुसतील." पिवळी झुलालभाऊंच्या पॅनलची. लाल नेसली तर या वयात नवरी झाली म्हणतील आणि पांढरी नेसली तर प्रेमराजांना लोक हार घालतील, फोटोला. शेवटी माझ्या सासूबाई, भिकुबाई, तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "वांगी रंगनी नेस. भरीत बठ्ठास्ना घरमां व्हस."

निवडणूक लढवायला खरं तर सासूबाईंनीच उभं राहायला हवं होतं. भरीत सगळ्यांच्याच घरी होतं, वांग्याला पक्ष नाही. वांगी साडी पक्की झाली. तिच्यासोबत एक मोतिया रंगाची आणि एक गुलाबी.

मग लोकेशन. मारुतीचं देऊळ म्हटलं तर ट्रस्टी झुलालभाऊ. शाळा म्हटलं तर आचारसंहिता. पाण्याची टाकी म्हटलं तर तिच्यात पाणी कधी चढलंच नाही, आणि तिच्यासमोर हसत उभं राहिलं तर लोक दगड मारतील. शेवटी आमचा केळीचा बाग, आमची कपाशी आणि खालच्या आळीचा नळ, एवढंच आमच्या हातात उरलं.

समाधान आला, पण मनाने अजून लग्नातच होता. बागेत गेल्यावर म्हणाला, "ताई, पानामागून हळूच डोकवा. लाजायचं थोडं."

"मी सरपंच व्हायला निघालेय. लाजू कशाला?"

"मग एक गिरकी घ्या. पदर उडू द्या."

प्रेमराज खोकले. मी गिरकी घेतली नाही. पण समाधानने चौकट चांगली दिसावी म्हणून एक मोठं पान टचकन मोडलं आणि त्याचा देठ माझ्या डोक्यावर धरला. धुळ्याकडचा माणूस, कपाशीतला. केळीचा चीक काय चीज आहे त्याला ठाऊक नव्हतं. मोतिया साडीवर टपटप थेंब पडले. आता दिसायला पाणी, पण वाळल्यावर तपकिरी आणि मग जन्मभर तपकिरी. पहिली साडी तिथेच संपली.

कपाशीत गुलाबी साडी बोंडांना अडकली. मी पुढे आले, साडी मागे राहिली. प्रेमराज आणि समाधान दोघं मिळून मला कपाशीतून सोडवत होते, तेवढ्यात बांधावरून जाणारा एक जण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "प्रेमराजभाऊ, काही मदत पाठवू का?" दुसरी साडी संपली.

उरला नळ आणि उरलं वांगं.

नळावर नेहमीची गर्दी होती. बायका हंडे ठेवून आम्हाला बघायला उभ्या राहिल्या. समाधानने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"ताई, पदराची सावली येते. तोंडच दिसत नाही."

मी प्रेमराजांकडे पाहिलं. त्यांनी आळीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. कोणी वडीलधारा पुरुष नव्हता. मी पदर डोक्यावरून खाली घेतला, खांद्यावर नीट बसवला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. बायकांमधून कोणीतरी म्हणालं, "वा वं, दिपमाला." मी हसले नाही, पण हसायच्या बेतात होते, आणि नेमकं तेव्हाच समाधानने बटण दाबलं.

नंतर त्याने फोटो मोबाइलवर दाखवत विचारलं, रंग जरा उजळू का? मी म्हटलं, एक बोट जरी लावलंस तर याद राख. जशी आहे तशी पाहिजे.

दोन दिवसांनी चौकात बॅनर चढला. दहा फुटी. त्यावर मी, नुसती मी, आणि खाली माझं नाव. मी घरी बसून कौतुकाची वाट बघत होते.

आली ती बोंब.

पहिली बातमी अशी की चौकात साडीच्या दुकानाची नवी जाहिरात लागली. दुसरी अशी की प्रेमराजने सुरतेहून प्रचाराला कोणी नटी आणली. दुपारपर्यंत तिसरी आली की प्रेमराजने दुसरी बायको केली, आणि तिला थेट निवडणुकीलाच उभी केली. नरडाण्याहून माझ्या आत्याचा रडत फोन. "पोरी, तू माहेरी ये. आम्ही मेलो नाही अजून."

"आत्या, तो फोटो माझाच आहे."

"तूसुद्धा त्याचीच बाजू घे," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

मला काही समजेना. संध्याकाळी माझे सासरे, निंबा आबा, चौकातून आले तेव्हा उजेड पडला.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. आबा घरात शिरताना दारात खोकतात. त्यांना खोकला नाही. ती सूचना असते. खोकला ऐकला की सुनेने पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि आबांनी सुनेच्या बाजूला बघायचं नाही. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आबा केळीचा ट्रक घेऊन सावद्याला गेले होते. लग्नात माझ्या तोंडावर मुंडावळ्या आणि हार. त्यानंतर चौदा वर्षं खोकला.

आबा खाटेवर बसले. मी चुलीपाशी, पदर नाकावर.

"प्रेम्या, आपला बॅनरवर ती बाई कोन शे रे?"

प्रेमराजांनी गाईकडे पाहिलं. गाईला काही सुचलं नाही.

"निवडनूक सूनबाई लढी ऱ्हायनी ना?" आबा म्हणाले. "मंग तिना फोटो का बरं नई लावा?"

सासूबाई म्हणाल्या, "ती तीच शे."

"तीच कोन?"

"तुमनी सून."

"नई वं."

"शे."

"मी काय मनी सूनले वळखत नई का?" आबा चिडले.

मी पदराआडून त्यांच्याकडे बघत होते. ते भिंतीकडे बघत होते. चौदा वर्षं मी या माणसाला ताट वाढतेय, आणि तो मला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखतो. हसावं की ताट आपटावं, कळेना. मी ताट वाढलं. जरा आपटूनच.

आणि मग सगळाच प्रकार ध्यानात आला. गावातल्या सगळ्या बायका मला ओळखत होत्या. शेतात, नळावर, बाळंतपणात, त्यांनी माझं तोंड शंभरदा पाहिलं होतं. पुरुषांनी पाहिलंच नव्हतं. एकाच बॅनरखाली उभं राहून अर्ध्या गावाला दिपमाला दिसत होती आणि उरलेल्या अर्ध्या गावाला सुरतेची नटी.

दुसऱ्या दिवशी झुलालभाऊंनी चौकात माइक लावला.

"गावाची फसवणूक चालली आहे," ते म्हणाले. "उमेदवार एक, फोटो दुसरीचा. हा फोटो खरा असेल तर उमेदवाराने इथे यावं आणि फोटोशेजारी उभं राहावं. गाव ताडून बघेल."

प्रेमराज म्हणाले, "जाऊ नकोस. तिथे आबा आहेत, सगळे थोरले आहेत. बॅनर काढून टाकू. माझा फोटो लावू, मी नाही म्हणत नाही."

बॅनर खाली आला असता तर मी कोपऱ्यातलं तिकीट झाले असते, कायमची. मी चपला घातल्या.

चौक गच्च भरलेला. पुढे पुरुष, मागे ओट्यांवर बायका. मी बॅनरखाली उभी राहिले. पदर धरला आणि मागे टाकला.

"बघा," मी म्हटलं. "ताडून बघा."

आणि एकाही माणसाने पाहिलं नाही.

सुनेच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही सवय. मी पदर टाकला तशा सगळ्या माना एकदम खाली गेल्या, जसा काही चौकात कोणाचा रुपया पडला होता. झुलालभाऊ स्वतःच्या चपलेकडे बघू लागले. गावातले म्हातारे उखर्डू नाना आभाळाकडे.

"बघा ना भाऊ," मी झुलालभाऊंना म्हटलं. "तुम्हीच बोलावलं."

"मी कसं बघू? मी थोरला." माइक चालूच होता, सगळ्या गावाला ऐकू गेलं. "नाना, तुम्ही बघा."

"माले दिसत नई," नाना म्हणाले. हेच नाना रोज चष्म्याशिवाय पेपर वाचतात.

मागून एका बाईचा आवाज आला, "आम्हाले इचारा ना."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. हा उपाय कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. झुलालभाऊंना वाटलं, आपलीच बायको बरी. "कुंदा, पुढे ये. सांग सगळ्यांना, ही ती आहे का?"

कुंदाबाई आल्या. नाकापर्यंत पदर, त्यामुळे त्यांना माझं तोंड दिसेना आणि बॅनर तर मुळीच दिसेना. त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनीही पदर मागे टाकला. आता बघायचं नाही अशी दोन तोंडं झाली आणि माना आणखी खाली गेल्या. दोन-चार जण जवळजवळ जमिनीवरच बसले.

कुंदाबाईंनी वर पाहिलं, मला पाहिलं. "तीच शे," त्या म्हणाल्या. "रोज नळवर मनासंगे भांडस. वळखाव नई का?"

ओट्यांवर हशा पिकला. झुलालभाऊंनी माइक बंद केला, पण चुकीचं बटण दाबलं आणि भोंगा किंचाळला.

तेवढ्यात गर्दीतून खोकला आला. ओळखीचा. माझा हात आपोआप पदराकडे गेला आणि मी तो अर्ध्यावरच थांबवला. आबा पुढे आले. एकदा बॅनरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा बॅनरकडे. सावकाश, बाजारात बैल बघतात तसे.

"नाक मोठं शे," आबा म्हणाले. "पन फोटो खरा शे."

चौदा वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी अजून ते कोणाला वाईट म्हणू देत नाही.

त्या दिवशी घरोघरी पुरुषांनी बायकांना विचारलं, ही बाई कशी आहे? गावात बायकांचं मत विचारायची ही पहिली वेळ असावी, आणि ऐकते असं की बायका बराच वेळ बोलल्या.

दुसऱ्या सकाळी नळावर कुंदाबाईंनी माझा हंडा सरकवला नाही. हळूच म्हणाल्या, "त्या फोटोवालाना नंबर दे. माले बी एक काढना शे. एकलीना."

दिला. विरोधक असली म्हणून काय झालं?

आता चौकात दोन बॅनर समोरासमोर आहेत. इकडे मी, तिकडे कुंदाबाई, दोघीही दहा फुटी. झुलालभाऊ कुठेच नाहीत. म्हातारी माणसं चौक ओलांडताना डावीकडे बघावं की उजवीकडे या पेचात सरळ नाल्यात जातात. परवा मतदान आहे. कोणीही आलं तरी सरपंच बाईच होणार, तिचा नवरा नाही, हे पक्कं झालंय आणि मला त्याचा आनंद आहे.

फक्त एक गोष्ट. कुंदाबाईचा फोटो माझ्यापेक्षा चांगला आलाय. खूपच चांगला. मी काल समाधानला फोन करून विचारलं, असं कसं झालं? माझ्या तीन साड्या, तीन लोकेशन, दोन दिवसांची तयारी. तिचं काय होतं?

"काहीच नव्हतं, ताई," तो म्हणाला. "शेतातून आल्या, नेसत्या साडीवर दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काढ लवकर, भाजी करपेल."