आत बाळंतीण आहे

आमचे दत्ताभाऊ घाडी अजमानच्या भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागतात, ती चोरीची सोन्याची बिस्किटं मागावीत अशा आवाजात. अगदी कानाशी लागून. तो बिचारा आजूबाजूला बघतो आणि जुडी पेपरात गुंडाळून हातात सरकवतो.

त्याला तरी काय माहीत, की दत्ताभाऊ दिवसातले दहा तास कुजबुजतच काढतात. वाळवंटातल्या आमच्या प्रजनन केंद्रात बेटाँग आहेत. कांगारूचे सशाएवढे भाऊबंद, जगात फार थोडे उरलेले. मादी पोटाच्या पिशवीत पिल्लू तीन महिने वाढवते, पण दचकली की ते टाकून पळते. मग ते जगत नाही.

मी तिथलं स्टोअर सांभाळतो. माझा आवाज असा, की मी इथे हाक मारली तर शारजात ट्रक थांबतात. गेल्या वर्षी मी दाराशी शिंकलो आणि मादीने पिल्लू टाकलं. दत्ताभाऊंनी माझ्याशी बोलणं सोडलं. ते बोलत नाहीत हे मला पाचव्या दिवशी कळलं.

यंदा त्याच मादीची पिशवी पुन्हा भरली. भाऊंनी बुटांना टर्किश टॉवेलचे तळवे शिवले, बादल्यांच्या कड्यांना मोजे घातले. आमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, सुपरवायझर नुसतं 'यल्ला', चला, म्हणाला तरी पलीकडच्या फार्मवरचे उंट उठून उभे राहतात. तो दारात आला, तर भाऊंनी त्याच्या ओठांपाशी बोट नेलं.

"हळू, मेल्या. बाळंतीण आसा आत."

त्याला मालवणी कुठली कळायला? पण तेव्हापासून तो 'यल्ला' हातवाऱ्यांनी करतो.

सहा आठवडे झाले, भाऊंनी एक सुट्टी घेतली नाही. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, आत कॅमेरा आहे. रूमवर पडा जरा. पिल्लाने डोकं काढलं की फोनवर दिसेल." माझ्या मते मी कुजबुजलो होतो.

भाऊंनी मला दंडाला धरून पार्किंगपर्यंत नेलं.

"चेडू झाला तेव्हा मी हयच होतंय," ते आपल्या मुलीबद्दल म्हणाले. "फोटोत बघलंय. दोन वर्सांनी घरी गेलंय, तर चेडवान माका काका म्हटल्यान."

आणि टॉवेलचे बूट आपटत, म्हणजे अजिबात आवाज न करता, आत निघून गेले.

मंगळवारी दुपारी मी दाराच्या काचेतून बघत होतो. आत तांबडा, मंद दिवा. पिशवीतून आधी नाक आलं, मग एक डोळा. दत्ताभाऊ समोर गुडघ्यांवर बसले होते, हातात रताळ्याची फोड. पिल्लू बघत राहिलं. भाऊंनी पापणीसुद्धा हलवली नाही.

पिल्लाने डोकं आत घेतलं. थोड्या वेळाने परत काढलं, आणि पुन्हा त्यांच्याकडेच बघितलं.

"मीच आसंय, बाळा," भाऊ म्हणाले.