पट्टा उतरला आणि धान वाळलं

अख्ख्या आमगावात रेफरन्स व्होल्टेज म्हणजे काय ते मला एकट्यालाच कळतं, हे मी तेव्हा दिवसातून चारदा तरी सांगत असे. रेडिओ दुरुस्तीत केस पांढरे केलेत, थट्टा नाही.

२००८ साली मेव्हण्यासाठी, चुन्नीलालसाठी, मी धानाचा ओलावा मोजायचं डिजिटल मीटर बनवलं. त्याची हलर मिल, म्हणजे धान भरडून तांदूळ काढायची गिरणी. त्याच्या पोरीचं, दुर्गेश्वरीचं, लग्न तोंडावर. पंगतीत भात घरच्याच मिलचा हवा. दुसऱ्याचा तांदूळ आला तर मिलवाल्याचं नाक कापलं गेलं.

मीटरमधली चिप धानाकडून आलेला व्होल्टेज एका ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून आकडा दाखवते. तो ठरलेला, म्हणजेच रेफरन्स व्होल्टेज, ही धान मोजायची पायली समजा. पायलीच आकसली तर तेवढंच धान जास्त भरतं. या पायलीसाठी वेगळा सुटा भाग मिळतो. मी म्हटलं, कशाला? धानाची बाजू सेलवर ठेवली आणि पायली सरळ अ‍ॅडॉप्टरवरून घेतली. घरी आकडा चोख आला.

मिलमध्ये मात्र प्लग हलरच्याच बोर्डात. हलर सुरू झाला की तिथला बल्ब काजव्यासारखा व्हायचा. माझं लक्ष आकड्याकडे.

चुन्नीलालने दाणा दाताखाली धरला. कट् वाजला.

"वाळला हाय, भाऊजी."

"मशीन बावीस टक्के दाखवते. भरडायला चौदा हवेत."

"मंग माहे दात खोटं बोलून राहिले का?"

"दात डिजिटल आहेत का तुझे?"

बिचाऱ्याने धान पुन्हा उन्हात घातलं. पुन्हा बावीस. पुन्हा ऊन. शेवटी धान इतकं वाळलं की चिमण्या एक दाणा टिपायच्या आणि पाणी प्यायला तळ्याकडे पळायच्या. मीटर बावीसवर ठाम.

लग्न परवावर आलं. "ओलं तर ओलं," म्हणत त्याने धान हलरात ओतलं. फार वाळलेला दाणा हलरात तुटतोच; खाली पडली नुसती कणी. तेवढ्यात हलरचा पट्टा उतरला, मोटर हलकी झाली, बल्ब भक्कन उजळला आणि मीटरखालचं धान जागच्या जागी नऊ टक्क्यांवर वाळलं!

माझी पायली कुठे आकसत होती ते मला कळलं: हलर चालला की बोर्डातला व्होल्टेजच खाली यायचा. चुन्नीलाल कणीच्या ढिगापाशी डोकं धरून बसला होता.

त्याची बहीण, म्हणजे माझी बायको शामकला, आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कायले रडून राहिला गा चुन्नी? कणीची खीर कर. पहिले खीरच वाढ, भात मांगते कोण?"

लग्नात तिरोड्याहून आलेले नवऱ्याकडचे वऱ्हाडी खिरीवर असे तुटून पडले की त्यांना भाताची आठवण हात धुतानाच झाली.

पुढे मी तो सुटा भाग घेऊन मिलवर गेलो, तर चुन्नीलालने मीटर उराशी धरलं.

"हात नोका लावू, भाऊजी. धाकटीचं लगन बाकी हाय."

धान तो आता दातानेच तपासतो. मीटर ठेवलंय ते खिरीसाठी.