पावलीनबाईंची दुसरी बाजू

पावलीनबाईंना चहा हवा की कॉफी, असं विचारू नये. विचारलंत तर त्या चष्मा काढतात, पदराला पुसतात आणि म्हणतात, "दिगू, हे दोनच पर्याय कोणी ठरवले?" बरं, मग सरबत घ्या म्हणावं, तर म्हणतात, "ठरवण्याचो अधिकार तुका कोणी दिलो, ह्यो माझो प्रश्न." तोवर आत दूध उतू गेलेलं असतं.

या बाई मुळात अशा नव्हत्या. आमच्या आचऱ्याच्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. मी त्यांचा विद्यार्थी, आता शेजारी. बाईंचं मत म्हणजे तांबडी शाई. बरोबर नाहीतर फुली, मधलं काही नाही. सोलकढीत लसूण जास्त? फुली. लग्नात डीजे? फुली. चर्चमध्ये पाद्रींचं प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून त्यांना घड्याळ दाखवायच्या. गावात भांडण झालं की माणसं पोलिसांकडे न जाता बाईंकडे यायची, कारण निकाल दोन मिनिटांत लागायचा आणि त्यावर अपील नसायचं.

मग एका ग्रामसभेत पर्यटकांच्या जेटीवरून वाद झाला. बाईंनी नेहमीप्रमाणे निकाल दिला. तर मागून एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, "बाई, तुमका राज्यशास्त्र कळत नाय."

बाई उठल्या. "नाय कळत? मगे शिकून येतंय."

आम्हाला वाटलं, रागात बोलल्या. पण जूनमध्ये बाई एक ट्रंक आणि सुक्या बांगड्यांचा डबा घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसल्या. वय एकसष्ट. विद्यापीठात राज्यशास्त्र, एम.ए., भाग एक. रंकाळ्याजवळ एका बाईंकडे खोली घेतली. सुक्या मासळीच्या वासावरून पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीशी तह करावा लागला, तोही लेखी.

वर्गातली हकिकत त्यांनीच सांगितली. प्राध्यापक त्यांच्या मुलाच्या वयाचे. पहिल्याच तासाला म्हणाले, "या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही." बाईंनी हात वर केला, "सर, मग मार्क कशाचे देता?" वर्ग हसला, सरही हसले. बाई मात्र गंभीरपणे विचारत होत्या. परीक्षेत त्यांनी प्रत्येक उत्तराखाली 'हेच बरोबर' असं लिहून रेघ मारली. पेपर परत आला तेव्हा पानापानावर सरांचा एकच शेरा होता : दुसरी बाजू कुठे आहे?

जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारणाऱ्या बाई तो पेपर घेऊन रंकाळ्यावर तासभर बसून राहिल्या म्हणे.

मे महिन्यात घरी आल्या त्या पार बदलून. माझ्या नि शेजारच्या तातूच्या कुंपणावर एक माड वाकला होता आणि नारळ कोणाचे, यावर आमचं जुंपलं होतं. आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी वही काढली. दीड तास दोघांचं ऐकलं, टिपणं घेतली. मध्येच मला म्हणाल्या, "दिगू, तू तातूची बाजू मांड. तातू, तू दिगूची." मी तातूच्या बाजूने इतकं बरं बोललो की मलाच पटायला लागलं. शेवटी बाई म्हणाल्या, "माका काय समाजत नाय. तुमच्या दोघांचाय बरोबर दिसता." आणि भात लावायला आत गेल्या. आम्ही दोघे बाहेर येऊन बाईंनाच नावं ठेवत बसलो आणि त्या नादात नारळ वाटून घेतले.

गाव गोंधळला. शिकून माणसाला जास्त कळायला हवं, हिचं तर होतं तेही गेलं! "बाई, तुमची तब्येत बरी आसा मां?" लोक विचारायचे. "बरी आसा," त्या म्हणायच्या, "पण खात्री नाय."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या. "दिगू, माका स्कूटरवरना वेंगुर्ल्याक पोचवशीत?"

"कोणाकडे?"

"लीनाकडे."

लीना ही त्यांची धाकटी बहीण. बाईंच्या घरात हे नाव एकोणीस वर्षं कोणी काढलं नव्हतं. आईच्या मातीला लीना आली नाही. 'हिका मायची पर्वा नाय,' असा निकाल बाईंनी चर्चच्या पायरीवरच दिला होता. नंतर लीनाचं पत्र आलं. बाईंनी पाकिटावर तांबडी फुली मारली आणि न उघडता परत पाठवलं. वाटेत त्यांनीच हे सांगितलं, माझ्या पाठीमागून, वाऱ्यात अर्धं उडून जाईल अशा आवाजात.

लीनामावशी पडवीत काजूगर निवडत बसल्या होत्या. बहिणीला बघून त्यांचा हात थांबला. बाई पायरीवरच उभ्या राहिल्या.

"लीना, मायच्या मातीक तू कित्याक येवक नायस? माका म्हायत नाय. मी कधी इचारूकच नाय."

लीनामावशींनी काजूगरांचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी गोव्यात ह्येंचा ऑपरेशन होतां. तिसऱ्या दिवशी मी इलंय. कबरीर फुलां ठेवलंय नि तशीच मागे गेलंय."

"घराकडे कित्याक येवक नायस?"

"तुझी भीती वाटली गो."

"माझी?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालची वाळू बघत राहिलो.

बाई पडवीत चढल्या आणि बहिणीसमोर जमिनीवरच बसल्या. "पत्रात काय लिवलंलंस?"

"एकोणीस वर्षां झाली. सगळां खंय आठवतला?"

"आठवात तेवढा सांग. माका खंय जावचा नाय."

मी स्कूटरपाशी येऊन बसलो. पडवीतून बराच वेळ एकच आवाज येत होता, आणि तो बाईंचा नव्हता.