डळमळीत घर

महादेवअण्णा कुणाच्या दारात उभं राहून "तुमचं मत कुणाला?" असं कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, "शेजारचा कुणाला देतोय?"

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या उमेदवारांनी, म्हणजे भाऊंनी, नागावच्या बाजूचा आतला सर्व्हे आम्हा दोघांवर सोपवला होता. आतला म्हणजे पेपरात न छापायचा. पुढच्या फेरीत कुणाची दारं गाठायची, ते ठरवण्यापुरता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही स्टॅटिस्टिक्सचा. हे मी मुद्दाम सांगतो. ते सहज मिळालेलं नाही. माझ्या हातात छापील प्रश्नावली. अण्णांच्या हातात मतदारयादी आणि कानावर लाल पेन्सिल.

"माणूस सोताबद्दल खोटं बोलतो," अण्णा म्हणत, "शेजाऱ्याचं इचार, लगेच हरिश्चंद्र होतो."

एका बाईंनी शेजारणीचं मत सांगता सांगता तिची सून, तिचा नवा फ्रिज आणि तिच्या वालाच्या बिरड्यातलं मीठ, सगळं सांगितलं. माझ्या प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "ही एवढी जळते, म्हंजे शेजारीण आपली. हिला इरोधात टाक." मी हसलो. मग पडताळून पाहिलं. अण्णा बरोबर होते. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

यादीत खुणा तीनच: पक्कं, विरोधी, डळमळीत. पक्क्याकडे वेळ घालवायचा नाही, विरोध्याकडे जाऊन उपयोग नाही. फेऱ्या मारायच्या त्या डळमळीत घरी.

प्रचाराचे दोन दिवस उरले, तेव्हा भाऊंचा निरोप आला, डळमळीत नावं निम्मी करा. मी छाटायला बसलो. वाडीच्या टोकाच्या सुंदराबाई अण्णांच्या पेन्सिलीने प्रत्येक फेरीत डळमळीत; त्या घरी ते एकटेच जात. शेजारच्या चारही घरांनी मात्र सांगितलं होतं, "ती? पक्की तुमची! पडवीत भाऊंचं कॅलेंडर हाय."

मी नाव खोडायला गेलो, तर अण्णांनी यादीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे."

"अण्णा, शेजाऱ्याचं खरं धरायचं, हा नियम तुमचाच आहे."

"व्हय. तरी एकदा जाऊन येऊ."

सुंदराबाई पायरीवर झाडूसाठी झावळीचे हीर काढत बसल्या होत्या. मागे भिंतीवर कॅलेंडरातले भाऊ हात जोडून हसत होते. अण्णा अंगणात उभे राहिले आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेला प्रश्न त्यांनी विचारला, "तुझं मत कुणाला?"

बाईंनी मान वर केली नाही. "आजून ठरलं न्हाय. बस दादा, चाय टाकते."

त्या आत गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "भईण माझी. बांधावरनं भांडलो, बारा वरसं बोलणं न्हाय. मागल्या निवडणुकीत अशीच यादी घेऊन आलो, तवा दार उघडलंन."

चहा झाला. दोघं मतदानाखेरीज काहीच बोलले नाहीत. निघताना बाईंनी मला विचारलं, "पंचायतीची निवडणूक कधी रं?"

"पावसाळ्यानंतर म्हणतात."

"तवा पन याला घेऊन ये. माझं काय, लवकर ठरत न्हाय."

वाटेत अण्णांनी मला पेन्सिल दिली. मी सुंदराबाईंपुढे डळमळीत लिहिलं. स्टॅटिस्टिक्सच्या दृष्टीने ती चूक आहे.