केरबा पोपटाची अफू सुटली

एका जंगलात, बाळांनो, केरबा नावाचा एक पोपट राहायचा. जंगलाच्या कडेला अफूचं शेत होतं. केरबा रोज तिथली बोंडं फोडायचा आणि घरी येऊन पेंगायचा.

ढोलीत तीन पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. बायको तुळसा दाणे आणायला गेली, की राखण केरबाकडे.

"ही अफू सोडा, नाहीतर घर सोडा," तुळसा एकदा म्हणाली. "पिल्लं कुणी उचलून नेली, तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही!"

केरबाला रडूच आलं. पिल्लांवर त्याचा फार जीव होता, अफूच्या खालोखाल.

तो व्यसनमुक्ती मंडळाच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष कोल्होबा होते. अफू सोडणाऱ्याला हे मंडळ शाल आणि नारळ द्यायचं. त्यामुळे कित्येकांनी मुद्दाम अफू धरली होती.

"काट्यानं काटा काढायचा," कोल्होबा म्हणाले. "वडाखालच्या नागाकडून जिभेवर हलकेच चावून घे. अस्सल नैसर्गिक! थेट जनावरापासून!"

नाग फार सज्जन. त्यानं फीचं नावसुद्धा काढलं नाही. "तुम्ही बरे व्हा, त्यातच माझं पोट भरलं," म्हणाला.

केरबानं जीभ पुढे केली. नागानं टोचलं. जग गरगरलं आणि केरबा वडाखालीच आडवा झाला. उठला तेव्हा त्याला अफूची आठवणही नव्हती. सकाळी नागाची मात्र आली.

मग रोजचंच झालं. तुळसा बाहेर पडली, की हा वडाखाली.

लवकरच सत्कार ठरला. नाग प्रमुख पाहुणे. ते जरा सुस्तावलेले दिसत होते. केरबा नुकताच वडाखालून उठून आला होता. शाल पांघरून त्यानं भाषण ठोकलं, "बोंडाकडे मी आता मान वळवूनही बघत नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात तुळसा किंचाळत आली. "ढोली रिकामी आहे हो! अफू खाऊन तुम्ही निदान ढोलीच्या तोंडात तरी झोपायचात. कुणाला आत शिरायला वाट नसायची!"

केरबानं नागाकडे पाहिलं. नागाचं पोट तीन ठिकाणी फुगलं होतं. केरबाच्या काळजात कळ उठली. तो ताडताड नागापुढे गेला. आता हा डोळा फोडणार, म्हणून सभा श्वास रोखून बसली.

केरबानं जीभ बाहेर काढली.

"हे दुःख सोसवत नाही, महाराज," तो म्हणाला. "आज जरा जोरात चावा."

तात्पर्य : व्यसन नुसतं सोडू नये. आधी त्याहून मोठं धरावं. सत्कारही होतो आणि मुलाबाळांची काळजीही मिटते.